आमच्या पियानोची पांढरी सहा

मी भित्री आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला उगाच चांगलं समजायला नको. वर्गात माझा आवाज असा की शेजारच्या प्रयोगशाळेतली मुलंसुद्धा पाठ ताठ करून बसतात. पण तो सगळा वरवरचा थाट. अकरा वर्षं मी एक भीती जपून ठेवली होती आणि एका मंगळवारी, मधल्या सुटीत, शिक्षकांच्या खोलीत चहा पिताना तीच माझ्या मानगुटीवर बसली.

मोठ्या बाई, म्हणजे आमच्या नव्या मुख्याध्यापिका, हातात एक गुळगुळीत पत्रक घेऊन आल्या. "आता आपला संगीताचा तास बाहेरच्या जगाशी जोडायचा," त्या म्हणाल्या. एका मोठ्या वाद्यवृंदाने सहा शाळा निवडल्या होत्या, त्यात आमची होती. महिनाभर त्यांची माणसं पडद्यावरून वर्गात येणार, रेकॉर्डिंग कसं करतात ते दाखवणार, मुलांकडून गाऊन घेणार. शेवटी एक दिवस मुलांनी त्यांच्या तालमीच्या हॉलमध्ये जाऊन खऱ्या वाद्यांबरोबर गायचं. आणि सहा शाळांतून एकाच मुलाला त्यांच्या गायनशाळेत जागा मिळणार होती, राहण्याजेवणासकट, शिक्षण पुरं होईपर्यंत.

संगीत मीच शिकवते, म्हणून सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं. भूगोलाच्या बाईंनी तर पाठीवर थाप मारली आणि माझा चहा बशीत सांडला. मी हसले, पण त्या पत्रकाकडे बघायचं टाळलं.

का, ते सांगते. माझ्या संगीताच्या खोलीतला पियानो म्हातारा आहे. अकरा वर्षांपूर्वी सूर लावायला आलेल्या कारागिराने त्याचं झाकण उघडलं, आत बॅटरी मारली आणि नखाने एक तार खरवडली. मग म्हणाला, "तारा गंजल्यात. पुऱ्या ओढल्या तर पटापट तुटतील. मी सगळ्या सारख्याच खाली ठेवतो. दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी बसतील, पण आपापसांत चोख. कुणाला कळायचं नाही. फक्त बाहेरच्या कशाबरोबर वाजवू नका."

"इथे बाहेरचं कोण येतंय कडमडायला?" मी म्हणाले.

तेव्हाचे मुख्याध्यापक माझ्या खोलीवर डोळा ठेवून होते. त्यांना तिथे कॉम्प्युटर मांडायचे होते. पियानो नादुरुस्त आहे असं मी लिहून दिलं असतं, तर दुसऱ्या दिवशी तो भंगारात गेला असता आणि मी ग्रंथालयात पुस्तकांना कव्हरं घालत बसले असते. म्हणून तोंडाला कुलूप लावलं. वर्गात मोबाइल बंद, गिटार आणि बासऱ्या घरी. "शिस्त म्हणजे शिस्त," मी म्हणायचे. शिस्त कसली डोंबलाची. माझ्या पियानोशेजारी बाहेरचं एखादं वाद्य वाजलं असतं तर पाच वर्षांच्या पोरालाही काहीतरी बिनसलंय ते कळलं असतं.

तरी अकरा वर्षं निभावलं. मुलांचं काय, ती पाण्यासारखी असतात. माझ्या खोलीत माझ्या सुरात गायची, घरी गेली की घरच्या. कुणाचं काही बिघडलं नाही. एक मुलगी सोडून.

तिला सगळी शाळा शिट्टी म्हणते. पहिलीत असताना डबा खातानासुद्धा शीळ घालायची, तेव्हापासून. आता ती आठवीत आहे. पाठ करून उभी राहायची आणि मी कुठलीही पट्टी दाबली की सांगायची: काळी दोन, पांढरी चार. आम्ही डावीकडून पट्ट्या मोजतो, त्या हिशेबाने. आणि याच्या उलटही यायचं तिला. नुसतं "पांढरी सहा लाव" म्हटलं की कशाचाही आधार न घेता ती लावायची, आणि मग मी पट्टी दाबून बघावी तर केसाचाही फरक नाही. असा कान माझ्या नोकरीत मी दुसरा पाहिला नाही. अभ्यासात मात्र आनंदीआनंद. गणितात भोपळा आणि बाकी विषयांत भोपळ्याची भावंडं.

पाचवीत असताना एकदा तास संपल्यावर ती मागे थांबली. म्हणाली, "बाई, बाहेरची गाणी सगळी मधली का असतात?"

"मधली म्हणजे?"

"दोन पट्ट्यांच्या मधली. रेडिओवरची, टीव्हीवरची. वरच्या मजल्यावरचा दादा गिटार वाजवतो, तीपण. एकही आपल्या पट्टीवर बसत नाही."

माझ्या पियानोचा तो उतरलेला सूर या मुलीच्या डोक्यात पक्का बसला होता. खरं सांगायला एक मिनिट पुरलं असतं. पण ती घरी सांगेल, घरचे शाळेत विचारतील, असं कायकाय माझ्या मनात येऊन गेलं. मी म्हणाले, "बाहेरचे लोक घाईत असतात, बाळ. नीट सूर लावत नाहीत."

तिने मान हलवली आणि दप्तर उचलून गेली. माझा शब्द म्हणजे तिच्यासाठी शेवटचा शब्द.

तर अशा माझ्या वर्गात एक दिवस भिंतीवर पडदा लागला आणि त्यावर दोन माणसं आली. एक रेकॉर्डिस्ट, गळ्यात हेडफोन अडकवलेला तरुण. दुसरे वाद्यवृंदाचे प्रमुख, हातात पातळ पांढरी छडी. मुलांनी त्यांना लगेच छडीवाले करून टाकलं. माणूस मोठा लाघवी. मुलांना म्हणाले, ही छडी कुणाला मारायची नाही, फक्त साठ माणसांना एकदम श्वास घ्यायला लावायची आहे. मुलं खूश झाली. माझं लक्ष मात्र रेकॉर्डिस्टच्या कपाळावरच्या आठीकडे होतं.

मुलं माझ्या पियानोवर गायली, शिट्टी दोन ओळी एकटी गायली, ते तिकडे रेकॉर्ड झालं. "बाई," रेकॉर्डिस्ट म्हणाला, "तुमच्याकडचा आवाज जरा खाली येतोय. सगळाच. मशीनच्या सेटिंगचा घोळ असणार."

"सेटिंगचाच," मी म्हणाले. इतक्या पटकन म्हणाले की माझी मलाच लाज वाटली.

"हरकत नाही, मी इथे उचलून घेतो." त्याने काहीतरी बटण फिरवलं आणि माझं अकरा वर्षांचं पाप दोन सेकंदांत वर उचललं गेलं. छडीवाल्यांनी ते उचललेलं गाणं ऐकलं. शिट्टीच्या ओळी पुन्हा लावायला लावल्या, तिसऱ्यांदा लावायला लावल्या. मग म्हणाले, "हा आवाज शेवटच्या दिवशी एकटा गाईल. जागेसाठी मी हिचाच विचार करतोय. फक्त एकदा समोर, वाद्यांबरोबर ऐकू दे."

वर्गाने टाळ्या वाजवल्या. शिट्टी कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाली. आणि मला कळून चुकलं की आता सुटका नाही. समोरासमोर बटण नसतं.

त्यांनी सरावासाठी वाद्यांचं रेकॉर्डिंग पाठवलं. तीन दिवसांत बाकीची मुलं त्यावर छान गायला लागली. शिट्टीला जमेना. पहिली ओळ ती कशीबशी वर धरायची, आणि दुसऱ्या ओळीला आवाज आपोआप खाली उतरायचा, आमच्या पियानोच्या घरी. पाचव्या दिवशी तिला मळमळायला लागलं. कानांवर हात ठेवून म्हणाली, "बाई, त्यांना फोन करा ना. त्यांचं सगळंच वर गेलंय. लोक हसतील त्यांना."

मी दोनदा मोठ्या बाईंच्या दारापर्यंत गेले. दोनदा खडूची पेटी मागून परत आले.

मग तिची आई आली. इस्पितळाच्या लाँड्रीत चादरी धुण्याचं काम करते. हात कायम पांढरे पडलेले, बोटांची टोकं सुरकुतलेली. दारातच उभी राहिली. "बाई, रागावू नका," ती म्हणाली. "घरी रेडिओ लावू देत नाही ती. काल बसमध्ये कुणाच्या मोबाइलवर गाणं लागलं तर मधेच उतरू म्हणाली. तिला झेपत नसेल तर नाव काढून घेऊ का?"

"नाही, नाही. झेपेल."

"मला त्यातलं काही कळत नाही. पण तिला दुसरं काही येत नाही हो. ही जागा मिळाली तर तिचं काहीतरी होईल. नाहीतर दोन वर्षांनी ती माझ्या शेजारी मशीनवर उभी राहील." तिने माझ्याकडे बघितलं. "तुम्ही आहात म्हणून मला घोर नाही."

ती गेल्यावर मी कपाटातल्या जुन्या पावत्या उपसल्या. मग त्या कारागिराचा नंबर शोधून काढला.

तो आता पार वाकलेला. पियानो बघून त्याने ओळख दिली, माझ्याकडे बघून नाही. "आज पूर्ण वर ओढा," मी म्हणाले. "परवा मुलांना घेऊन जायचंय. एका पोरीच्या कानात हाच सूर बसलाय, एक दिवस तरी तिला खरा ऐकू दे."

"तुटल्या तर माझं नाव घ्यायचं नाही."

पहिली तार चढली. दुसरी चढली. मी खिडकीजवळ श्वास धरून उभी होते. तिसरीला त्याने किल्ली जेमतेम फिरवली आणि गोळी सुटावी तसा आवाज झाला. तार उसळून त्याच्या मनगटावर आली, रक्ताची बारीक रेघ उमटली. शेजारच्या प्रयोगशाळेत कुणीतरी किंचाळलं. त्याने रुमालाने मनगट पुसलं, किल्ली पिशवीत टाकली. "नव्या तारा घातल्या तर पियानो वर येईल," तो म्हणाला. "पोरीला काय घालणार?"

हॉलमध्ये जायच्या दिवशी मी सकाळी काही खाल्लं नाही. गाडीत माझ्या शेजारी मोठ्या बाई, मागे शिट्टी आणि तिची आई; बाकीची मुलं शाळेच्या बसने मागून येणार होती. आईने इस्त्री केलेली साडी नेसली होती आणि मांडीवरच्या पिशवीला दोन्ही हातांनी धरलं होतं. वाटेत मोठ्या बाई शाळेचं नाव कसं मोठं होणार ते सांगत होत्या. मी हूं हूं करत होते. सांगायला अजून वेळ होता, आणि प्रत्येक सिग्नलला मी पुढच्या सिग्नलवर ढकलत होते.

हॉल उंच, खिडक्या नसलेला. जमिनीवर खुर्च्यांच्या जागा दाखवणाऱ्या चिकटपट्ट्या, वायरींवर रबरी पट्टे, साठ खुर्च्या, साठ स्टँड. माणसं साध्या कपड्यांत, कुणी सफरचंद खातंय, कुणी चष्मा पुसतंय. मग एका बाईंनी काळ्या, लांबट वाद्यातून एक सूर काढला आणि सगळे थांबले. तो सूर सगळ्यांनी धरला, आधी व्हायोलिनं, मग बाकीचे, एकेक करत अख्खा हॉल त्यात आला.

शिट्टीने माझा हात इतका घट्ट धरला की अंगठी रुतली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "बाई," ती कुजबुजली, "सगळे एकदमच चुकले."

मी तेव्हा बोलायला हवं होतं. बोलले नाही. तिचं नाव पुकारलं आणि मी तिचा हात सोडला.

वाद्यांनी सुरुवातीचा तुकडा वाजवला. छडी तिच्याकडे वळली. ती गायला लागली, आणि तो आवाज त्या सगळ्या आवाजाच्या खाली, अगदी थोडासा खाली, स्वच्छ आणि चुकीचा, चालायला लागला. पुढच्या रांगेतल्या व्हायोलिनवाल्याने मान न वळवता डोळे वळवले. छडीवाल्यांनी थांबवलं. हसून म्हणाले, "घाबरलीस. पुन्हा." पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी तिने वर जायचा प्रयत्न केला, आवाज फाटला, आणि ती मधेच गप्प झाली.

साठ माणसं स्टँडवरच्या कागदांकडे बघायला लागली. हसलं कुणी नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

छडीवाले तिच्याजवळ आले. "होतं असं कधीकधी," ते म्हणाले. "रेकॉर्डिंगमध्ये फार छान होतीस. पुढच्या वर्षी बघू, हं?" आणि त्यांनी यादीकडे हात केला, पुढच्या शाळेचं नाव बघायला. तिच्या आईने पिशवी उचलली. तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. अशा "पुढच्या वर्षी"चा अर्थ तिला चांगला ठाऊक होता.

मी उभी राहिले. कशी राहिले ते विचारू नका. शेजारी मोठ्या बाई होत्या. "तिची चूक नाही," मी म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की पुन्हा म्हणावं लागलं. "तिची चूक नाही. माझा पियानो खाली लावलेला आहे. अकरा वर्षं. मला माहीत होतं. तिचा कान त्यावरच तयार झालाय. तिने मला विचारलं होतं, आणि मी तिला सांगितलं की बाहेरचेच चुकतात."

मोठ्या बाईंनी माझ्याकडे वळून पाहिलं.

रेकॉर्डिस्ट आपल्या टेबलामागून उठून आला, मोबाइलवर काहीतरी उघडून तिच्यासमोर धरला. "पांढरी सहा लावता येईल?" त्याने विचारलं. तिने लावली. मोबाइलवर तिच्या सुराची उंची सांगणारा आकडा आला. त्याने तिला बाहेर पाठवलं, पाणी प्यायला लावलं, वाद्यांना मधेच भलतंसलतं वाजवायला सांगितलं आणि तिला परत आत बोलावलं. पुन्हा लाव म्हणाला. तोच आकडा. रेकॉर्डिस्टने मोबाइल छडीवाल्यांना दाखवला. त्यांनी छडी स्टँडवर ठेवून दिली.

"मशीनचा घोळ नव्हताच तर," रेकॉर्डिस्ट माझ्याकडे बघत म्हणाला.

सेलो वाजवणारे एक गृहस्थ होते, व्हायोलिनच्या थोरल्या भावासारखं ते वाद्य गुडघ्यांत धरून बसलेले. त्यांनी कुणालाही न विचारता आपल्या चारही तारा उतरवल्या, तिच्या सुराशी येऊन थांबले, आणि तिला मानेनेच खूण केली. शिट्टी गायली. फक्त तो सेलो आणि ती. मी सात वर्षं जे ऐकत होते ते त्या हॉलने तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. सफरचंदवाल्याने अर्धवट खाल्लेलं फळ मांडीवर ठेवून दिलं. तिची आई रडत होती आणि तिला स्वतःला ते कळलेलं नव्हतं.

गाणं संपल्यावर छडीवाले तिच्यापुढे उकिडवे बसले. "जागा तुझी," ते म्हणाले. "पण आमच्याकडे आल्यावर हा सूर सोडावा लागेल. त्रास होईल, वेळ लागेल. आम्ही शिकवू."

तिचं लक्ष त्यांच्याकडे नव्हतं. ती माझ्याकडे बघत होती. "बाई, म्हणजे बाहेरचे बरोबर होते?"

"हो."

"सगळे?"

"सगळे, बाळ. मी एकटी खोटं बोलले."

ती रडली नाही, रागावलीही नाही. तसं काही केलं असतं तर मी पाय धरले असते तिचे. आईने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं, आणि मला जमिनीवरच्या चिकटपट्ट्या बघाव्या लागल्या. सेलोवाले आपल्या तारा परत वर घेत होते.

"चल, जाता जाता एक पांढरी सहा ऐकव," छडीवाले उठत म्हणाले. वातावरण हलकं करावं म्हणूनच म्हणाले असतील.

सात वर्षांत हे मी तिला हजारदा सांगितलं असेल, आणि माझं वाक्य पुरं व्हायच्या आत सूर लागलेला असायचा. तिने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. छडीवाल्यांकडे पाहिलं. रेकॉर्डिस्टच्या हातातल्या मोबाइलकडे पाहिलं. मग हळूच विचारलं, "कोणती?"

सेलोवाल्यांनी आपली तार एकदा छेडली, त्यांच्या सुरातली. शिट्टीने मान खाली घालून ती ऐकली, आणि चाचपडत, माझ्या वर्गातल्या कुठल्याही मुलासारखा, आपला आवाज तिच्या जवळपास नेऊन ठेवला.